इहिरीचा अर्ज अन् मास्तरचे अलंकार

...नाई नाई, मले खोटी म्हनू नका! सारं सोसंन मी, पन खोटी म्हटलेलं नाई सोसत. इहिरीत पानी नव्हतं म्हंजे नव्हतं! बादली सोडली का चिखल येये, अन् दुपारून तं चिखलबी नाई, नुसता खडखड आवाज. आता सांगा बरं, याच्यात म्या काय वाढवून सांगितलं?

तुमाले सांगते, मी सुभद्राबाई, गावची पंच हावो. हसू नका! नवा महाराष्ट्र झाला, पंचायतीत बाया पायजेत म्हने, म्हून मले घेतलं... बोलाले नाई, आंगठा द्याले! मीबी तोंड उघडलं नसतं, पन माही लेक अन्नपूर्णा पयल्या बायंतपनाले माहेरी आलेली. माघात आली, चैत सरता सरता दिवस भरनार. बायंतिनीले पानी किती लागते, तुमच्या घरच्या बायाईले इचारा! अन् इकडं मी अन् शेजारची अजीजुन्निसा, दोघी देऊळघाटाच्या रस्त्यानं दोन मैल जाऊन एकेक घागर आनो. थे म्हने, "बाई, इत्ते पानी में बच्चे का मूँ बी नई धुलता!"

म्हून म्या सभेत म्हटलं, इहीर खोल करून पायजे, वर अर्ज द्या. सरपंच भगवंतराव म्हने, "देऊ ना बाई, मास्तरले लेहू द्या." तेथंच घात झाला!

गुलाबराव मास्तर. सातवीले मराठी शिकोते. मानूस देवावानी, पन कविता करते हो! पारावर बसला, टाक काढला, म्हने, "सांगा." म्या सांगितलं, दोन मैल चालतो, बादलीत चिखल येते. तं टाक खाली ठेवून म्हने, "ही अतिशयोक्ती झाली सुभद्राबाई. आहे त्याच्यापेक्षा फुगवून सांगणं." म्या म्हटलं, "चला मास्तर, मोजून देते तुमाले दोन मैल!" म्हने, "खरं तर कोणीही लिहिते. साहेबाचं काळीज हललं पाहिजे. त्याला अलंकार लागतात." अन् मंग काय हो... उपमा म्हंजे हे त्याच्यावानी. रूपक म्हंजे 'वानी' काढून टाकाचं, हे म्हंजे तेच. निर्जीव वस्तू मानसासारखी वागाले लागली का चेतनगुणोक्ती! पारावरचे सारे माना हलवून राह्यले. रंगराव तं "वा मास्तर, वा!" करे, त्याले काय, त्याच्या ढोराईच्या वाडग्यात स्वताची इहीर हाये! अन् अर्जात लेहलं काय? "आमची विहीर म्हणजे दुःखी माता, ती रात्रंदिवस अश्रू ढाळते." म्या इचारलं, "मास्तर, पानी नाई हे कोठं लेहलं?" म्हने, "ते ध्वनित होतं." ध्वनित! आता सांगा बरं! अन् त्याच्याखाली माहा आंगठा.

पंधरा दिवसानं वरून उत्तर आलं. "सदर विहीर रात्रंदिवस पाझरत असल्याचे आपल्याच अर्जावरून दिसून येते. सबब खोलीकरणाची आवश्यकता नाही."

अहो, माहं टकुरंच फिरलं! म्हटलं, "मास्तर, आता एकबी अलंकार नोको, मी बोलन थेच लेहा." लेहलं बिचाऱ्यानं, काढा पेल्यावानी तोंड करून. दोन मैल. चिखल. दिवस भरत आलेली लेक घरी, तिले आंग धुवाले तांब्याभर पानी नाई. एकूनएक अक्षर खरं, देवाच्यान! अर्ज गेला, अन् मी रोज पोस्टमनची वाट पाह्यत बसली. अजीजुन्निसा आपली अर्धी घागर आमच्या दारात ठेवून जाये. तिच्या घरी का पानी वर येऊन राह्यलं होतं? मले लय भरून ये हो.

परवा उत्तर आलं. एकच ओळ. "अर्जातील मजकूर अतिशयोक्तीपूर्ण वाटतो, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

आता सांगा बरं! इहीर रडते म्हटलं तं खरं, अन् मी रडते म्हटलं तं खोटं?

अन्नपूर्णानं आयकलं अन् लुगडे पिशवीत भरले. म्हने, "माय, मी सासरी जाते. देऊळगाव राजाले पानी तं हाये." पयलं बायंतपन, अन् सासरी! माय जिती असतानी! मी ईनीले, तिच्या सासूले, कोनतं तोंड दाखवू? आज सकायी तिले मोटारीत बसवून दिलं. तिनं मांगं वळून पाह्यलं नाई, म्याबी तिले माहे डोये दिसू देल्ले नाई.

परत आली तं पारावर मास्तर, हातात थोच कागद, अन् तोंडावर आनंद! म्हने, "सुभद्राबाई, निराश होऊ नका. मागच्या खेपेला साहेबाला चेतनगुणोक्ती कळली नव्हती. या खेपेला निदान अतिशयोक्ती हा शब्द तरी त्यानं बरोबर लिहिला! सुधारणा आहे!"

रिकामी घागर कमरेवर घेतली, म्हटलं, "हाव मास्तर, देत राहा अर्ज. इहिरीले पानी नाई लागलं तरी चालंन, सायेब तं मराठीत पास होऊन जाईन!"