कोशातला विंचू

आता त्याईले पुस्तकं म्हणायचं का विटा, हे तुम्हीच सांगा! भाषा, विज्ञान, इतिहास, साहित्य, दुनियाभरचं सगळं त्यात आहे म्हणे. आमच्या शेजारच्या श्यामरावनं रेल्वेतून रिटायर झाल्यावर ज्ञानकोशाचा अख्खा संच घेतला, अन् तवापासून त्याईची बायको, मंदाकिनी, रोज त्याची धूळ झटकून राहिली. तुम्हाले सांगते, त्या घरात साधा प्रश्न विचारायची सोय नाही. कारलं कडू काहून लागते, असं ती एकदा बोलून गेली, तर श्यामराव ताट सारून उठले. अन् पुस्तकात काय निघते? 'पहा: अमुक.' तिथं गेलं की 'पहा: तमुक.' पहा म्हणे! जेवण गार झालं, कारलं कडूच राहिलं.

तर परवा ती कपाट पुसून राहिली होती, अन् खंडामागून निघाला विंचू. चावला ना बोटाले! माय वो, अशी ओरडली, मी कणिक तशीच टाकून धावली. पाहते तर ती जमिनीवर बसून रडून राहिली, अन् श्यामराव चष्मा शोधून राहिले. काहून? तर म्हणे, "घाबरू नको मंदा, उपाय आत्ता पाहून सांगतो."

'विंचू' काढलं. 'पहा: अष्टपाद.' तो खंड काढला. 'पहा: संधिपाद.' अन् संधिपादाचा खंड कुठं? कूलरच्या पायाखाली! झालं. इकडं तिचं बोट सुजून गाजर झालं, अन् हे तिच्यावरच डाफरून राहिले, "संदर्भग्रंथ आहे तो, कूलरखाली काहून ठेवला?" ती म्हणते, "अवो, जीव चालला माझा." हे म्हणतात, "हव ना, दोन मिनिटं."

तेवढ्यात त्याईचा पोरगा निरंजन उरल्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला. "पापा, मोबाइल पे देख लूँ?"

"मोबाइलवर कोणीही काहीही लिहिते. तू कूलर उचल."

अन् त्या पोट्ट्यानं, खरं सांगते, भरलेला कूलर उचलला... घरभर पाणी! खंड ओलाचिंब, पानं चिकटलेली. श्यामरावनं एकेक सोडवलं, बोट ठेवलं, अन् मोठ्यानं वाचलं, "दंशावरील उपचारांसाठी पहा: विंचू."

पहा म्हणे! मीच मग तिले निरंजनच्या गाडीवर बसवलं, म्हटलं, "बाप्पा, आता दवाखाना पहा."

इंजेक्शन घेऊन ती परत आली, तर हे तिथंच, खंडांच्या ढिगात. 'कसं आहे' नाही, 'दुखते का' नाही. म्हणतात, "अवं, यांनी विंचवाचं साधं चित्रही दिलं नाही." अन् तोच विंचू त्याईच्या पायाजवळून निघाला. मंदाकिनीनं चांगल्या हातानं तो उघडा ओला खंड उचलला. मले वाटलं, श्यामरावच्याच डोक्यात घालते आता... वाटलं काय, घालावा असंच वाटलं! पण तिनं विंचवावर आपटला. पानावर चपटा.

आता तरी हे धूड रद्दीत जाईल, अशी तिले आशा. कुठलं काय! श्यामरावनं खंड उन्हात वाळवला, अन् पाहुणा आला की पहिले तोच काढतात. ते पान मात्र एका झटक्यात सापडते. "हा विंचू. अस्सल." पाहुणा विचारतो, "चावला कोणाले?"

हे स्वयंपाकघराकडे मान वळवतात. "त्यासाठी पहा: मंदाकिनी." अन् ती बिचारी चहा घेऊन येते, बोट दाखवते, आत जाते.