दोन्ही कंपन्या

ऐक फक्त, मध्ये बोलू नको. परवा अंबरनाथ पश्चिमेला एसटीडी बूथच्या लाईनीत आपला भगवान उभा. पुढे एक मावशी, अमेरिकेतल्या पोराला फोन लावायला आलेल्या. त्यांच्या पुढे एक कॉम्प्युटर क्लासवाला, तो मागे वळून विचारतो,

“पोरगा कसल्या कंपनीत, मावशी?”

“इंटरनेट बघायचा प्रोग्राम बनवतात ना, त्या.”

“मग वाट लागली त्यांची. ती दुसरी मोठी कंपनी तसाच प्रोग्राम फुकट वाटतेय.”

“म्हणजे ह्याची हरणार?”

“वर्षभरात बघा तुम्ही.”

“मग पोरांना घरी पाठवतात ना? त्याच्या खोलीत नवा पंखा लावून घेतलाय मी.”

“घरी कशाला? हुशार पोरांना ती मोठी कंपनीच उचलते. टेन्शन नका घेऊ.”

“आणि ह्याचीच जिंकली तर?”

“मग काय, पगार डबल. तिथेच बंगला.”

मावशींनी मागे वळून भगवानलाच विचारलं, “बाळा, दोन्ही एकदम नाही का हरत कधी?”

तेवढ्यात दोन्ही फोन रिकामे झाले, एकावर क्लासवाला गेला, दुसऱ्यावर मावशी. काचेआडून भगवानला ऐकू आलं, “हो रे, मजेत आहे मी. तुझीच कंपनी जिंकणार म्हणतायत सगळे.”

सांग, तू काय बोलला असतास त्यांना?