न मेलेली मांजर

काउन्सेलर बाईंकडे तो इलेक्ट्रिशियन स्वतःचं मन मोकळं करायला पहिल्यांदाच आला होता. आत जावं की गुपचूप सटकावं, हे त्याचं अजून ठरत नव्हतं. बाहेरच्या बाकावर शेजारी दोघी बहिणी कुजबुजत होत्या. त्याने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं, पण कान तिकडेच.

“ताई, मी आज आत जात नाही.”

“आता काय झालं? बाई एवढ्या जीव लावून ऐकतात तुझं.”

“तेच बघायचं होतं. जीव लावतात की नुसती मान हलवतात? म्हणून मागच्या वेळी थाप मारली, आमची मांजर मेली म्हणून.”

“अगं बये! सकाळी तर माझ्या पायात घुटमळत होती ती.”

“काल त्यांचा फोन आला. म्हणाल्या, मांजरीशिवाय घर खायला उठत असेल, झोप लागते ना?”

“मग झालं की! काळजी वाटते म्हणूनच केला ना फोन?”

“की सगळ्यांनाच करतात?”

“तुझं कठीण आहे बाई. आत जा आणि खरं काय ते सांगून टाक.”

“आणि त्यांना वाटलं, बाकीचंही मी असंच रचून सांगते, तर? त्या गोळ्यांचं, गच्चीवरचं, सगळंच?”

थोरलीने तिचा हात हातात घेतला.

“त्या विसरल्या असत्या ना ताई, तर बरं झालं असतं.”

“का गं?”

“कुणाला माझं काही पडलेलं नाही म्हणून कायमची सुटले असते.”

दार उघडलं. बाई स्वतःच बाहेर आल्या आणि धाकटीकडे बघून हसल्या.

थोरलीने घाईघाईने तिच्या स्वेटरवरचे मांजरीचे केस झटकले.

“जा,” ती म्हणाली.