एकशे एकसष्टनंतर एकशे चौसष्ट

नात : चिकटलेल्या पानांत पट्टी मी नाही घातली आजोबा. पुस्तक माझ्या हातात आलं तेव्हाच पानाची कड फाटलेली होती.

आजोबा : कुणीतरी घातलीय. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली मी. पट्टीचा ओरखडा मला न कळायला काय झालं?

नात : मग घालणारच ना कुणीतरी. पान एकशे एकसष्ट संपलं की एकदम एकशे चौसष्ट. मधलं तुम्ही चिकटवून टाकलंत. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारच्या शब्बाथशाळेत पैजा लागल्यात. एक म्हणतो आत चुंबन आहे, दुसरा म्हणतो खून.

आजोबा : दोन्ही नाही.

नात : मग काय आहे?

आजोबा : पाच वाजता चर्चच्या पंचांची बैठक आहे. हे पुस्तक मुलांच्या कपाटात ठेवायचं की काढायचं, ते मला लिहून न्यायचंय. कपाटाची किल्ली माझ्याकडे, म्हणजे शिव्याही मलाच. मी ‘काढावे’ लिहिणार. पेन दे.

नात : तुम्हीच ‘चालेल’ लिहिलं होतंत. पहिल्या पानावर तुमची चिठ्ठी आहे अजून.

आजोबा : माणूस चुकतो. तुमच्या शब्बाथशाळेच्या बाईंनी तक्रार केलीय, आणि ती खोटी नाही. पुस्तकातल्या त्या शहरात दर शनिवारी एका घरावर खडूनं खूण करतात. त्या घरानं आपल्यातला एक माणूस काढून द्यायचा. कोण, ते घरच्यांनीच ठरवायचं. पंधरा वर्षांच्या पोरांनी हे का वाचावं? जे शुद्ध आहे, चांगलं आहे, त्याचा विचार करा, असं शास्त्र सांगतं.

नात : शास्त्रात भाऊ भावाला मारतो. भाऊ भावाला विकतात. राजा तान्ही बाळं मारायला लावतो. हे आम्हाला सहाव्या वर्षी शिकवलंत, वर रंगवायला चित्रं दिलीत. मी नोहाचं तारू रंगवलं होतं. जिराफ सुद्धा होता त्यात. पाण्यात राहिलेली माणसं कुणी काढली नव्हती.

आजोबा : जीभ चांगलीच चालते तुझी. अगं, तिथे शेवटी देव आहे. इथे कोण आहे?

नात : ते मला कसं कळणार? एकशे चौसष्टवर गोष्टीतल्या मुलीचे बाबा नाहीत आणि ती जेवणाआधीची प्रार्थना म्हणत नाही. शंभर पानं रोज म्हणत होती. का सोडली, ते तुम्ही चिकटवलंत.

आई : बाबा, माझा युनिफॉर्म झालाय. इस्त्री गरम आहे अजून, तुमचा शर्ट टाका. आणि तुमचं काय चाललंय दोघांचं? पुस्तक आहे की वाटणीची जमीन?

नात : आई, तू बघ ना. चिकटवलेलं पुस्तक कुणी कपाटात ठेवतं का?

आई : आण इकडे. बाबा, आजवर किती पुस्तकं तपासलीत तुम्ही?

आजोबा : साठ-पासष्ट असतील.

आई : आणि पानं चिकटवलीत किती पुस्तकांची?

आजोबा : पसंत नसेल तर मी परत पाठवतो. सरळ हिशेब.

आई : म्हणजे एकाच पुस्तकाची. ह्याच. … चिठ्ठीवरची तारीख बघितलीत का तुमची?

आजोबा : असेल काहीतरी.

आई : ह्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा. तुम्ही रात्रंदिवस त्या टेबलाशी बसून असायचात. मला वाटायचं, कामात जीव रमवताय.

नात : आजोबा?

आजोबा : शर्ट राहू दे सूनबाई. ते फडकं ओलं करून आण. पिळून आण, पाणी गळता कामा नये.

नात : उघडणार?

आजोबा : खळ लावलीय, नुसती कडेला. मैद्याची खळ ओलीनं सुटते. कायमचं बंद करायचं असतं तर सरस लावला असता. इस्त्री कमी कर. फडकं पानाच्या कडेवर ठेव. आता वरून इस्त्री टेक, घासू नकोस. दहा आकडे मोज.

नात : … नऊ, दहा.

आजोबा : आता हाडाची पट्टी घे माझी. खालच्या कोपऱ्यातून. ओढू नकोस, ते आपणहून येऊ दे. बघ. सुटलं.

(नात पान उघडते. कडेचा ओला कागद आजोबा फडक्यानं टिपून घेतात.)

नात : मोठ्यानं वाचू?

आजोबा : वाच.

नात : ‘कुणाला द्यायचं ते आम्ही बोललोच नाही. बाबा उठले, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी रात्रभर जिन्यात बसून देवाला हाका मारल्या. सकाळी दार वाजलं, ते त्या लोकांनी वाजवलेलं होतं. मी म्हटलं, देवा, मीही रात्रभर तुझं दार वाजवत होते. तू घरात होतास, हे मला माहीत आहे. तू उठला नाहीस.’

आई : थांब जरा.

नात : एवढंच आहे. पुढे एकशे चौसष्टवर ती जेवायला बसते.

आई : हे तुम्ही एकट्यानं वाचलंत, तेव्हा?

आजोबा : बाइंडिंग सैल झालं होतं म्हणून हातात घेतलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात मी बसलो होतो ना, तो गेला त्या रात्री. तू आत होतीस त्याच्याजवळ. मी तेच म्हटलं होतं. शब्द थोडे इकडचे तिकडे. मग रविवारी सगळी मंडळी म्हणाली, देवाची इच्छा. मी उभा राहून आमेन म्हटलं. आणि दोन आठवड्यांनी हे पान समोर. वाटलं, कुणीतरी माझंच बोलणं छापून ठेवलंय. पोरांचं नाव पुढे केलं आणि खळ लावली.

नात : मला वाटायचं, असं मी एकटीच म्हणते.

आजोबा : ठाऊक आहे.

नात : कसं?

आजोबा : प्रार्थनेत तुझे ओठ हलतात, आवाज येत नाही. वर्ष झालं. मी शेजारीच बसतो तुझ्या.

आई : आणि मला कुणी सांगितलं नाही. दोघंही माझ्याच बाकावर बसता.

नात : तू रडशील म्हणून.

आई : मी ड्यूटीवरून येताना बसमध्ये रडते. रोज. त्याची काय चोरी आहे?

नात : आजोबा, असं देवाला म्हटलेलं चालतं?

आजोबा : क्रुसावर प्रभूनंही विचारलंच की, मला का सोडलंस म्हणून. शास्त्रानं ते पान चिकटवलं नाही. मी बाइंडर असून मला ते सुचलं नाही बघ.

आई : पावणेपाच झाले. मी निघते. बाबा, पंचांना काय सांगणार?

आजोबा : तुमच्या बाई चिडणार आहेत. चिडू देत. जुनी चिठ्ठी काढ ग, हळूच, ती पण खळीचीच आहे. नवी तू लिही, तुझं अक्षर बरं आहे.

नात : सांगा.

आजोबा : ‘वाचले. सर्व पाने उघडी आहेत. चालेल.’ पुढच्या ओळीत लिही, ‘एकट्याने वाचू नये.’

नात : ‘मुलांनी एकट्याने वाचू नये’, असं ना?

आजोबा : नको. वयाचं काही लिहू नकोस.