शेवटच्या ओळीतलं नाव

हसू नका, पण एका भजनाच्या शेवटच्या ओळीपायी माझी अख्खी रात्र जागून गेली. देऊळघाटचे माझे आजेसासरे, किसनआबा, भजनं रचतात आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘म्हणे किसन’ येतंच. एका मंडळानं ते नाव गाळलं, तर आबा भर कार्यक्रमातून उठून गेले होते. आणि मी, शिकलेली बाई, लेकीला झोपवताना रोज तिथं तिचंच नाव घालून ‘म्हणे परी’ म्हणत आले!

सकाळी आबांचं चरित्र लिहिणारे मास्तर येणार होते, आणि त्यांच्यापुढे परीनंच गायचं, असा आबांचा हुकूम होता. मास्तर येईपर्यंत मी तिला बजावत राहिले.

कडवी छान झाली. शेवटी ‘म्हणे...’ एवढं म्हणून पोरगी माझ्याकडे बघत गप्प बसली. मास्तर लिहायचे थांबले.

“काऊन थांबली वं?” आबा म्हणाले. “कोनाचं नाव येते आता?”

“तुमच्यासमोर तुमचं घ्याचं, असं आई म्हणे,” परी म्हणाली. “रोज तं माहंच येते.”