प्लास्टिकची अंडी

प्राण्यांच्या दवाखान्यात पिंजरावाले आजोबा आणि मांजरवाल्या बाई माझ्या शेजारी बसले होते.

"तुमची ही फिंच पक्षीण अंड्यांवर बसलीय वाटतं?"

"प्लास्टिकची आहेत."

"अगबाई! बिचारीची थट्टा कशाला?"

"नर मेला. वांझ अंडी काढली, की ही पुन्हा घालायची. घालून घालून मरायला टेकली, म्हणून ही प्लास्टिकची ठेवली."

"मग आता काय झालं?"

"उठतच नाही. दाणाही टिपत नाही."

"काढून टाका ना मग!"

"काढली, की पुन्हा घालेल."

"भारीच फसवे हो तुम्ही. घरीही असंच?"

"बायकोला. मुलगा गेला, ते ती विसरते. सांगितलं, की रोज नव्यानं रडते. म्हणून हल्ली म्हणतो, तो संध्याकाळी येतोय."

"आणि विश्वास बसतो त्यांचा?"

"विश्वासही बसतो, तीही बसते. दाराशी, न जेवता."