पृथ्वीचा आकडा

सातारा, दि. १२ फेब्रुवारी १९७४

मी, राजाराम अर्जुना ऐवळे, वय ४३, धंदा कॉलेजात फिजिक्सची प्राध्यापकी, राहणार सांगली, मूळ गाव आटपाडी, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आज सकाळच्या एस.टी.ने मी पुण्याला निघालो होतो. सोबत रबराने बांधलेला कार्डांचा गठ्ठा होता. कार्डांना भोके आहेत. ती उंदराने नव्हे, यंत्राने पाडलेली आहेत. कार्डे ठरलेल्या क्रमाने कॉम्प्युटरमध्ये घातली, की बी.एस्सी.च्या मुलाने लंबकाची मोजमापे स्वतः घेतली की मागल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवली, ते कळते. याला प्रोग्राम म्हणतात. यात गाणे-बजावणे नसते. पुण्याच्या कॉम्प्युटरवर आमच्या कॉलेजची पाळी आज दुपारी होती. प्रॅक्टिकल परीक्षेआधी दुसरी पाळी नाही.

सातारा स्टँडवर येथील प्रा. मानसिंग निकम चहाला भेटले. त्यांनी आकडा काय येतो, असे विचारले. नऊशे ऐंशी, यंदा सगळ्या पोरांचा तोच, असे मी म्हणालो. लंबकावरून गुरुत्वाकर्षणाचा जो आकडा काढतात, तो हा. शेजारी साध्या वेशात हवालदार लालासाहेब जगदाळे होते. त्यांनी तो मटक्याचा आकडा समजून माझा दंड धरला. प्रा. निकम यांनी मला ओळखत नसल्याचे सांगितले व ते तास घ्यायला गेले.

हवालदारांनी विचारले, "मास्तर, आकडा कुठला? मुंबईचा का हितला?"

"पृथ्वीचा. सगळीकडे जवळजवळ तोच येतो."

"सगळीकडं त्योच येत असंल, तर लावतंय कोण?"

मला गठ्ठ्यासह ठाण्यात आणले.

फौजदारसाहेबांनी सांगलीला फोन लावून माझी खात्री केली. फोन लागेपर्यंत हवालदारांनी पंचनाम्यासाठी कार्डे मोजली आणि जास्त भोकांची एकीकडे, कमी भोकांची दुसरीकडे, असे नीटनेटके ढीग लावले. क्रम मोडला, आता यंत्राला यातले अक्षर कळणार नाही, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग कार्डांवर नंबर घालायचे न्हाईत व्हय?" नंबर असते तर आपण मला सोडलेच नसते, असे मी म्हणालो.

पाळी गेली. यंदाही परीक्षेत सर्वांचे उत्तर नऊशे ऐंशीच येईल व सर्व मुले पास होतील.

मुद्देमाल जसाच्या तसा मिळाला, असे लिहून देण्यास मी नकार दिला. कार्डे सर्व मिळाली, प्रोग्राम मिळाला नाही, असे लिहा म्हणालो. पंचनाम्यात प्रोग्राम नव्हताच, हे हवालदारांनी दाखवून दिले. ते खरे आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मजकूर मी सांगितला तसा आहे व वाक्यांचा क्रमही तोच आहे. तो कोणी नीट लावू नये.

समक्ष सही
रा. अ. ऐवळे